तिरका पोहणारा गुलाबी मासा

माझ्या साडूला सगळे बत्तिशी म्हणतात. मागून नव्हे, तोंडावर म्हणतात, आणि तोही खुशाल 'ओ' देतो. माणूस कवळ्या बनवतो. दातांच्या दवाखान्यामागे त्याची एक चिंचोळी खोली आहे. तिथे फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात, टेबलावर मेणाचे तुकडे आणि हिरडीच्या रंगाच्या गुलाबी प्लास्टिकचे डबे, आणि सगळ्यावर पांढरी धूळ. पहिल्यांदा आत जाणाऱ्याला वाटतं, हे सगळे जबडे आपल्यालाच हसताहेत. मला अजूनही वाटतं, आणि बत्तिशीला ते ठाऊक असल्यामुळे मी येणार असलो की तो फळीवरच्या सगळ्या जबड्यांची तोंडं दाराकडे करून ठेवतो.

मी थोरला जावई, तो धाकटा. म्हणजे मानाने मी वरचा. पण मान सोडून बाकी सगळ्यात आपणच वरचे, अशी त्याची समजूत आहे. मला तो 'साडूभाऊ' म्हणतो, अहो-जाहो करतो. पण त्या अहोमध्ये इतका चावटपणा भरलेला असतो की त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या.

सुटीच्या दिवशी आम्ही दोघं तळ्यावर बास धरायला जातो. बास म्हणजे हिरवट अंगाचा, मोठ्या जबड्याचा आणि अत्यंत तापट मासा. तो भुकेने तोंड उघडतो तसा नुसत्या रागानेही उघडतो. म्हणून त्याला खरं किडूकमिडूक लावायचं कारण नसतं, खोटं आमिष चालतं. दुकानात त्याला ल्यूर म्हणतात. रबरी बेडूक असतो, रबरी गांडूळ असतं, भिंगरीसारखी फिरणारी चकचकीत पाती असतात, आणि पुढे ओठ काढलेला एक टणक खोटा मासा असतो. दोरी ओढली की तो डोकं खाली घालून बुडी मारतो. समोरच्याला कशाने राग येईल ते ओळखायचं, एवढीच यातली विद्या. ती तुमच्या अंगात जन्मजात आहे, असं माझी बायको म्हणते.

आमची होडी दोघांपुरतीच. पुढे बसणाऱ्याला न ढवळलेलं पाणी मिळतं, मागे बसणाऱ्याला पुढच्याचं उष्टं. म्हणून आमचा नियम असा: मागच्या खेपेला ज्याचा मासा मोठा, तो पुढे. हा नियम मी केला, कारण तेव्हा माझा मासा मोठा होता. त्यानंतर काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही.

माझी पद्धत सरळ. जाड विणलेली दोरी लावायची, डोळ्यात भरेल असं पिवळंजर्द आमिष घ्यायचं, लांब फेकायचं आणि जोरात ओढायचं. बत्तिशी पुढे बसून केसासारखी बारीक, पाण्यात न दिसणारी दोरी ओवत असतो.

"साडूभाऊ, आज पाणी नितळ आहे," तो म्हणतो. "तुमची दोरी माशाला तिकडूनच दिसते. त्याला वाटत असेल, कुणीतरी कपडे वाळत घालतंय."

"मासा मोठा लागला की तुझी दोरी तुटेल, तेव्हा सांग."

"गवतात शिरायचं असतं तर मीसुद्धा जाड लावली असती. पाणी गढूळ असतं तर पिवळंही लावलं असतं. पाणी बघून दोरी लावतात हो. तुम्ही स्वभाव बघून लावता."

हे असं चालतं. मी ड्रायव्हिंग शिकवतो. माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो आणि शिकणाऱ्याने घोळ घातला की तो मी दाबतो. दुसऱ्याचा ब्रेक दाबण्यात माझी हयात गेली; स्वतःला मात्र ब्रेक नाही, हे मी कबूल करतो. रबरी बेडूक पाण्यावर टुणटुण ओढत आणला की बास खालून उसळतो, धप्पकन आवाज होतो. तेव्हा क्षणभर हात आवरायचा असतो. माशाने आमिष नीट तोंडात घेतलं, दोरीला वजन आलं, की मग हिसका. मला आवाज झाला की राहवत नाही. मी हिसका देतो, मासा जातो तळाशी आणि बेडूक उडून येतो माझ्या कपाळावर. बत्तिशी तेव्हा हसत नाही. तो नुसता खिशातून रुमाल काढून पुढे करतो. हसला असता तर मला बरं वाटलं असतं.

आणि लबाड तर इतका! मासे धरणारा माणूस आमिषाबद्दल खरं सांगत नाही, हे सगळीकडेच आहे. पण सगळे तोंडाने खोटं बोलतात, हा हाताने बोलतो. परतताना काठ जवळ आला की तो गुपचूप खरं आमिष सोडून पेटीत टाकतो आणि गळाच्या काठीला भलतंच काहीतरी बांधतो. काठावरचे लोक आमच्या जाळीतला मासा बघतात, मग काठीला लोंबणारं आमिष बघतात, आणि मग दुकानाकडे धावतात. एकदा त्याने जांभळ्या रंगाचा, हिरवी शेपटी असलेला एक भीषण प्रकार बांधला होता. पुढे कितीतरी दिवस तळ्याच्या काठी माणसं गंभीर चेहऱ्याने जांभळं फेकत होती. बत्तिशी त्यांच्यापुढून अदबीने मान लववत गेला.

असा हा माणूस एका ठिकाणी मात्र साफ हरला होता, आणि तेही स्वतःच्याच धंद्यात.

आमच्या सासूबाई बत्तिशीच्याच घरी राहतात. सुटीच्या दिवशी आम्हीही जेवायला तिथेच. सासूबाईंचं हसणं म्हणजे काय सांगू! त्या हसायला लागल्या की शेजारचे खिडकी उघडून विचारायचे, काय झालं म्हणून. पुढचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला होता आणि थोडा बाहेर डोकवायचा. हसताना आधी तो दात यायचा, मग हसणं. आम्ही दोघं जावई म्हणजे त्यांची कायमची करमणूक. माझ्या कपाळावरचा बेडकाचा वळ बघून त्या इतक्या हसल्या होत्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, तो राग फार स्वस्त होता.

मग हिरड्या बिघडल्या आणि सगळे दात काढावे लागले. बत्तिशीने छाती काढून सांगितलं, "आईंची कवळी मी करणार. आयुष्यातली सर्वोत्तम." आणि केलीही. मोत्यांची माळ बघा. एकही दात इकडेतिकडे नाही. ज्या दिवशी आणली त्या दिवशी आम्ही सगळे सासूबाईंच्या भोवती उभे राहिलो. दोघी मुली, दोघे जावई. मी तर आरसाही धरला होता. "घाला ना आई, घाला! हसा बघू!" त्यांनी कवळी घातली, आरशात बघितलं, काढली आणि पाण्याच्या पेल्यात टाकली.

"बोचते," एवढंच म्हणाल्या.

बत्तिशीने घासली. तरी बोचते. नव्याने साचा घेतला, दुसरी केली. तीही बोचते. तिसरी केली. ती घालायच्याआधीच बोचली. आणि खरी गोष्ट अशी की ती कुठेही बोचत नव्हती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः बघून सांगितलं, याहून छान बसलेली कवळी मी पाहिली नाही. चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात. इथे चणेही होते, दातही होते, आणि सासूबाई आपल्या खोलीत दार लोटून कुस्करलेला बटाटा खात होत्या.

टेबलाशी येणं त्यांनी बंद केलं. कुणी आलं की तोंडाला पदर लावायच्या. आणि हसणं थांबलं. मी मुद्दाम त्यांच्यादेखत खुर्चीवरून पडून बघितलं, खरंच पडलो. त्यांनी "लागलं का हो?" असं विचारलं. लागलं होतं, पण कंबरेला नाही.

बत्तिशीच्या खोड्या तेव्हापासून थांबल्या. माझ्या डब्यात रबरी गांडूळ ठेवणं बंद. फळीवरचे जबडे भिंतीकडे तोंड करून बसले. एकदा होडीत पुढून आवाज आला, "साडूभाऊ, परक्या माणसांना दात देतो मी. घरात एक माणूस माझ्यामुळे अर्धपोटी राहतं."

मी म्हटलं, "दोरी बारीक लावलीस का?" मला अशा वेळी हेच सुचतं.

त्याच दिवशी त्याने पेटीतून एक नवा मासा काढला. सासूबाईंच्या तिसऱ्या कवळीतून उरलेल्या गुलाबी प्लास्टिकचा, स्वतःच्या हाताने घडवलेला. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, पुढे नखाएवढा गुळगुळीत ओठ, खवले सुईने कोरलेले, डोळे बायकोच्या नेलपॉलिशचे. इतका सुरेख की मला मत्सर वाटला. त्याने फेकला, आणि तो पट्टीने रेघ ओढावी तसा सरळ पोहत आला. नितळ पाण्यात आम्हाला दिसत होतं: एक चांगला थोरला बास त्याच्या मागे मागे आला, नाक लावून बघितलं आणि शेपूट फिरवून निघून गेला. पुन्हा फेकला, पुन्हा तेच. सावकाश ओढून बघितलं, मध्ये थांबून बघितलं. मासा येई, बघे, जाई.

"बोचत असेल," मी म्हणालो. म्हणालो आणि लगेच जीभ चावली, पण शब्द गेला होता.

बत्तिशीने गुलाबी मासा दोरीवरून सोडला आणि शेजारच्या फळीवर ठेवून दिला. थोड्या वेळाने आम्ही जागा बदलल्या, होडी डुलली, आणि मी बरोब्बर त्याच्यावर बसलो.

त्यापुढच्या प्रकाराचं वर्णन मी करणार नाही. खोट्या माशाला पोटाखाली एक आणि शेपटीशी एक असे तिहेरी गळ असतात, एवढं सांगितलं की पुरे. बत्तिशीने पक्कड काढली. कितीतरी आठवड्यांनी तो हसत होता, आणि हसता हसता पक्कड हलत होती.

"हलू नका साडूभाऊ. आयुष्यातला सर्वांत मोठा मासा लागलाय मला."

गळ सुटला, पँट फाटली आणि माशाचा ओठ एका बाजूने तुटला. बत्तिशीने तो उलटसुलट करून बघितला, खांदे उडवले आणि तसाच बांधून फेकला. आता तो सरळ येईना. दोन हात सरळ यायचा, मग एकदम लंगडल्यासारखा बाजूला झुकायचा, भानावर यायचा, परत झुकायचा. एखादं लग्न उरकून निघालेल्या पाहुण्यासारखा. आणि तो थोरला बास, जो इतका वेळ नाक मुरडत होता, खालून असा आला की होडी हलली.

"ओढ!" मी ओरडलो.

त्याने ओढलं नाही. थांबला. दोरीला वजन आलं, मग मनगट फिरवलं.

मासा जाळीत आला. मी आनंदाने नाचणार होतो, पँटीमुळे बसून राहिलो. बत्तिशी माशाकडे बघतच नव्हता. तो त्या तुटक्या ओठाकडे बघत होता.

"साडूभाऊ, आईंचा तो चढलेला दात आठवतो तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं? पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा मुलीच्या आधी तोच दिसला होता."

"मी तो बसवलाच नाही," तो म्हणाला. "मी सगळे सरळ बसवले. आरशात त्यांना दुसरीच बाई दिसत असणार हो. ती बोचतेय."

मी गुलाबी मासा हातात घेतला आणि म्हटलं, "म्हणजे हे सगळं माझ्या बसण्यामुळे सुचलं."

"तुमच्या बसण्याला तोड नाही," तो म्हणाला. जुना बत्तिशी परत आला होता.

पण आता पुढची पंचाईत. दात कुठल्या बाजूचा? किती तिरका? मी म्हणालो डावा, तो म्हणाला उजवा. सासूबाईंना विचारण्यात अर्थ नव्हता. विचारलं असतं तर पुन्हा सगळे भोवती उभे राहिल्यासारखं झालं असतं. फोटो बघावेत तर फोटोत त्या नेहमी ओठ मिटून. घरी जाऊन दोघी बहिणींना स्वयंपाकघरात गाठलं. माझी बायको म्हणाली डावा. तिची बहीण म्हणाली उजवा. मग त्या दोघी एकमेकींच्या समोर उभ्या राहून बोटं दाखवू लागल्या, तेव्हा तर दाताची दिशा पार समुद्राला मिळाली.

"एवढं काय डोकं फोडायचं?" शेवटी माझी बायको म्हणाली. "बाबांच्या काठीवर बघा की. आई मासा ओढून आणायची आणि जाळी लावायला हात मोकळे हवेत म्हणून मूठ दातांत धरायची. मुठीच्या बुचावर दात उमटलेत चांगले."

सासरे गेल्यावर त्यांची बास धरायची काठी थोरला जावई म्हणून माझ्याकडे आली होती. बत्तिशीला मी तिला बोटही लावू दिलं नव्हतं. काठी नामी, फक्त मूठ कुरतडलेली होती. उंदराचं काम, असं मी समजलो आणि तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली. आणि इतकी वर्षं सांगत आलो: काठी लाखमोलाची, पण एका मेल्या उंदराने घाण केली.

"आईंच्या समोर म्हणालात हे?" बत्तिशीने विचारलं.

"बऱ्याचदा."

"आणि त्या?"

"काही नाही. नुसत्या बघायच्या."

बत्तिशी भिंतीला टेकला आणि पोट धरून खाली बसला.

त्याच्या खोलीत आम्ही ती पट्टी सोडवली. मुठीचं बूच मऊ असतं. त्यात वरच्या दातांची ओळ वरून आणि खालच्यांची खालून स्वच्छ उमटली होती. दोरीचं रीळ खाली लोंबायचं म्हणजे वरची बाजू ही, शेंडा पाण्याकडे म्हणजे उजवीकडचा टोकाचा ठसा हा, असं पुटपुटत बत्तिशीने खुणांत मेण दाबलं, सोडवलं आणि दिव्याखाली धरलं. तिथे तो होता. डाव्या बाजूचा, शेजारच्यावर बसलेला, थोडा बाहेर डोकावणारा. आपल्याला कुणी विसरल्याचं त्याला मुळीच वाटत नसावं.

"डावा," मी म्हणालो.

"बरोबर," बत्तिशी म्हणाला. "उंदीर तुमचाच आहे."

चौथी कवळी त्याने कुणालाही न दाखवता केली. दात मोत्यासारखे पांढरे नाहीत, वापरल्यासारखे जरा पिवळट. तिरका दात बसवायला म्हणे बाकी सगळ्या दातांपेक्षा जास्त वेळ लागला. मग त्याने आम्हा तिघांना समोर बसवून डाव समजावला. आपण आजवर प्रत्येक वेळी काय केलं? चकचकीत आमिष फेकलं आणि जोरात ओढलं. आता नितळ पाणी आहे. दोरी दिसता कामा नये. कवळी पेल्यात ठेवायची, पेला नेहमीच्या जागी, आणि विसरून जायचं. कुणी विचारायचं नाही, कुणी बघायचं नाही, आरसा तर मुळीच धरायचा नाही.

"आणि पहिल्यांदा धप्पकन आवाज झाला," त्याने माझ्याकडे बोट रोखलं, "तर साडूभाऊ हिसका देणार नाहीत."

पहिल्या सुटीला काही झालं नाही. सासूबाई खोलीत, दार लोटलेलं. दुसऱ्या सुटीलाही तेच. पाणी प्यायचं निमित्त करून मी त्या दाराकडे दोनदा निघालो, दोनदा बायकोने माझा सदरा धरला. बत्तिशी शांतपणे जेवत होता, पण त्याने मिठाऐवजी साखर घेतली आणि त्याला कळलंही नाही.

त्यापुढच्या सुटीला आम्ही जेवायला बसलो होतो. दार वाजलं. सासूबाई आल्या, तोंडाला पदर लावून, आणि आपल्या जुन्या खुर्चीवर बसल्या. कुणी मान वर केली नाही. टेबलावर सफरचंदांचं भांडं होतं. एक हात आला, एक सफरचंद गेलं. मग पदर खाली आला.

कर्रर्र!

असा आवाज मी तळ्यावरही ऐकला नाही. मी तोंड उघडलं. 'वा आई!' एवढंच म्हणणार होतो. पण टेबलाखाली बत्तिशीचा पाय माझ्या पायावर आला आणि त्याने तो दाबला, अगदी तळापर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा ब्रेक दाबला. मी तोंड मिटलं. सासूबाई चावत होत्या. चावलं, गिळलं, दुसरा घास घेतला. आम्ही चौघं ताटात काय बघत होतो देव जाणे, माझं ताट तर रिकामं होतं.

सफरचंदाचा मधला भाग तेवढा उरला. तो त्यांनी नीट माझ्या ताटात ठेवला.

"काय हो जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुमच्या उंदराला हे चालतं का?"

आणि मग तो दात आला, आणि दातामागून हसणं. शेजारची खिडकी उघडली. दोघी मुली हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. बत्तिशी हात धुवायला उठला, धुतलेलेच हात पुन्हा धुतले, बराच वेळ पाठमोरा धूत राहिला. मला त्या क्षणी तो माणूस फार आवडला. हे मी त्याला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

हसणं ओसरल्यावर सासूबाईंनी विचारलं, "चिकटपट्टी काढलीत ना माझ्या काठीची? मग पुढच्या खेपेला होडीत पुढे मी बसणार."

होडीत जागा दोनच. मागे बसून वल्ही मारायला त्यांनी धाकटा जावई निवडला. मी काठावर.

त्या दिवशी मी काठावर उभा राहून सगळं बघितलं. सासूबाईंनी पेटीतून तो तुटक्या ओठाचा गुलाबी मासाच उचलला, त्यापुढे बारीक दोरी जोडून घेतली आणि झाडाच्या सावलीत असा अलगद टाकला की पाण्याला कळलं नाही. धप्प झालं. त्या थांबल्या. मग मनगट फिरलं, काठी वाकली, मासा होडीजवळ आला. आणि त्यांनी खाली वाकून जाळी उचलली व सवयीने काठीची मूठ सरळ दातांत धरली.

"आई, कवळी!" बत्तिशीची किंकाळी अख्ख्या तळ्यावर गेली. "आई, दात नवीन आहेत!"

कवळी हलली नाही. मासा जाळीत आला. काठी तोंडात असल्यामुळे सासूबाईंना हसता येत नव्हतं, पण त्यांचे खांदे हलताना मला तिथूनही दिसत होते.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाने घाईघाईने विचारलं, "कशावर लागला हो? आमिष कुठलं होतं?"

मी त्याला अक्षरन् अक्षर खरं सांगितलं: कवळीच्या उरलेल्या प्लास्टिकचा, डोळ्यांना नेलपॉलिश लावलेला, माझ्या बसण्याने मोडलेला गुलाबी मासा. तो माणूस मला खोटारडा म्हणाला आणि पेटीतून जांभळं काढून फेकू लागला.